आठ वजिरांचं कोडं: प्रोग्राम स्वतः लिहायचा असेल तर

बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे मांडा की एकही दुसऱ्याला मारू शकणार नाही. कोडं एवढंच आहे. वजीर आडवा, उभा आणि तिरका कितीही घरं चालतो. म्हणून कुठल्याही दोन वजिरांची ओळ एक नको, कॉलम एक नको आणि तिरकी रेषही एक नको. काळे-पांढरे असा भेद नाही, आठही जण एकमेकांचे वैरी.

इंदुरात बीसीए, एमसीए किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलांपुढे हे कोडं कधी ना कधी येतंच, बहुतेक वेळा बॅकट्रॅकिंगच्या, म्हणजे अडलं की एक पाऊल मागे येऊन पुढची वाट बघण्याच्या, धड्यात. घरी मराठी, वर्गात हिंदी आणि पुस्तक इंग्रजी अशी आपली तिहेरी कसरत चाललेली असते. त्यात भंवरकुआंच्या झेरॉक्सच्या दुकानांतून आणलेल्या नोट्समध्ये प्रोग्राम तयारच छापलेला असतो. मुलं तो फाइलमध्ये उतरवतात, तो चालतोही, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, "ही ओळ काढली तर काय होईल?" असं विचारलं की गाडी अडते. मीही हे सगळं असंच अर्धवट कळत शिकलो, आता घरी येणाऱ्या मुलांना शिकवतो. ती नेमकी कुठे अडकतात ते रोज दिसतं, त्या क्रमानं इथे लिहितो आहे.

तुम्हाला लूप, लिस्ट आणि फंक्शन एवढं येतं असं धरलं आहे. रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावणं, येत नसेल तरी चालेल, ते इथेच येईल.

जवळ काय काय हवं

- चौकटीची वही आणि पेन्सिल. खोडरबर विसरू नका, त्याचं काम सगळ्यात जास्त.
- बुद्धिबळाचा पट. एका संचात वजीर दोनच असतात, पण एका रंगाची प्यादी बरोबर आठ असतात, तीच वजीर समजून मांडा. पट नसेल तर कागद आणि रुपयाची नाणी.
- पायथन ३ असलेला कुठलाही कॉम्प्युटर. जेल रोडवरून घेतलेला जुना लॅपटॉपही पुरेल, आठ वजिरांना ताकदवान मशीन लागत नाही. पायथन फुकट आहे आणि त्याच्याबरोबर आयडल नावाचा साधा एडिटर येतो, सुरुवातीला तोच वापरा.
- सी किंवा जावा येत असेल तर त्यात लिहा. आराखडा तोच राहतो.

## १. आधी चार वजीर, तेही कागदावर

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढे सगळे इथेच परत येतात. कॉम्प्युटर बंद ठेवा. चार बाय चारचा पट काढा, त्यावर चार वजीर. नियम असा: एका ओळीत एकच वजीर, वरून खाली एकेक ओळ घ्यायची, आणि प्रत्येक ओळीत डावीकडून पहिलं सुरक्षित घर निवडायचं.

पहिल्या ओळीत कॉलम १. दुसऱ्या ओळीत १ आणि २ मारले जातात, म्हणून ३. तिसऱ्या ओळीत १ आणि ३ वर उभा मारा, २ आणि ४ वर दुसऱ्या वजिराचा तिरका मारा. एकही घर मोकळं नाही.

आता काय करायचं? बहुतेक जण इथे सगळा पट पुसतात. तसं करू नका. फक्त शेवटचा वजीर उचला आणि त्याच ओळीत पुढे सरका. दुसरा वजीर ३ वरून ४ वर. तिसऱ्या ओळीत आता २ मोकळं आहे, ठेवा. चौथ्या ओळीत १, २ आणि ४ वर उभा मारा, ३ वर तिसऱ्या वजिराचा तिरका. पुन्हा अडलं. तिसरा उचला. त्याला २ च्या पुढे ३ वर तिरका मारा, ४ वर उभा. म्हणजे त्या ओळीतले पर्याय संपले. मग दुसरा उचला. तो आधीच ४ वर होता, त्याचेही संपले. मग पहिला उचला आणि २ वर ठेवा.

इथून वाट सरळ आहे: दुसरी ओळ ४, तिसरी १, चौथी ३. पहिलं उत्तर मिळालं: २, ४, १, ३.

थांबू नका. उत्तर मिळालं तरी शेवटचा वजीर उचला आणि तसंच पुढे चालत राहा, पहिल्या ओळीतला वजीर ४ च्या पलीकडे जाईपर्यंत. दुसरं उत्तर ३, १, ४, २ असं येईल आणि तिसरं येणार नाही. या सगळ्यात तुम्ही वजीर एकूण १६ वेळा ठेवलेला असेल: पहिल्या ओळीत ४ वेळा, दुसरीत ६, तिसरीत ४, चौथीत २. हे आकडे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे प्रोग्राम तपासायला लागतील.

तुमच्या हातानं आत्ता जे केलं तोच प्रोग्राम आहे. ठेवणं कुणालाही सुचतं. खरी मेख उचलण्यात आहे: कुणाला उचलायचं, कधी उचलायचं, आणि उचलल्यावर त्याच्या मागे काय काय पुसायचं.

## २. पट कसा लिहून ठेवायचा

पहिला विचार येतो तो आठ बाय आठच्या तक्त्याचा, शून्य म्हणजे रिकामं आणि एक म्हणजे वजीर. चालतो तो, पण कशाला? एका ओळीत एकच वजीर असणार हे आधीच ठरलंय, मग प्रत्येक ओळीसाठी फक्त कॉलमचा आकडा पुरे. आठ आकड्यांची एक लिस्ट, झालं काम. वर आपण "२, ४, १, ३" असंच लिहिलं होतं.

या निवडीनं किती काम वाचतं ते आकड्यांत बघा. चौसष्ट घरांतून कुठलीही आठ निवडायची तर ४,४२,६१,६५,३६८ मांडण्या होतात. ओळीत एकच वजीर म्हटलं की त्या १,६७,७७,२१६ वर येतात. कॉलमही एकदाच वापरायचा म्हटलं की ४०,३२०. आणि अडलं तिथूनच मागे फिरायचं म्हटलं, तर आठ वजिरांच्या सगळ्या उत्तरांसाठी वजीर फक्त २,०५६ वेळा ठेवावा लागतो. व्हायवाला "बॅकट्रॅकिंगचा फायदा काय?" असं विचारलं की व्याख्या पाठ म्हणण्यापेक्षा हे चार आकडे सांगा.

## ३. तिरक्या रेषा पकडायच्या कशा

ओळ आणि कॉलम तपासणं सोपं. घोळ होतो तो तिरक्या रेषांचा. त्यासाठी एकच युक्ती आहे आणि ती एकदा डोळ्यांनी बघितली की विसरत नाही.

वहीत आठ बाय आठचा पट काढा. प्रत्येक घरात ओळ आणि कॉलम यांची बेरीज लिहा. वर उजवीकडून खाली डावीकडे उतरणाऱ्या प्रत्येक तिरक्या रेषेवर एकच आकडा दिसेल. शेजारी दुसरा पट काढून त्यात ओळ वजा कॉलम लिहा. आता वर डावीकडून खाली उजवीकडे जाणाऱ्या रेषांवर एकच आकडा येईल. दोन्ही बाजूंना अशा १५-१५ रेषा आहेत. म्हणजे दोन वजिरांची बेरीज सारखी असेल किंवा वजाबाकी सारखी असेल, तर ते एकमेकांना तिरके मारतात.

एक खरं उत्तर घेऊ: १, ५, ८, ६, ३, ७, २, ४. वरच्या नियमानं चाललात तर आठ वजिरांचं सगळ्यात आधी सापडणारं उत्तर हेच.

बेरजा: २, ७, ११, १०, ८, १३, ९, १२. एकही आकडा दोनदा नाही.
वजाबाक्या: ०, −३, −५, −२, २, −१, ५, ४. इथेही नाही.

आता शेवटच्या दोघांची अदलाबदल करा: १, ५, ८, ६, ३, ७, ४, २. कॉलम अजूनही सगळे वेगळेच आहेत, वरवर बघता ठीक वाटतं. पण सातव्या ओळीची बेरीज ७ + ४ = ११ झाली आणि तिसऱ्या ओळीची ३ + ८ = ११ होतीच. आठव्या ओळीची १० झाली, ती चौथ्या ओळीशी भिडली. पटावर प्यादी मांडून बघा, दोन्ही जोड्या तिरक्या एका रेषेत दिसतील.

म्हणून प्रोग्रामला तीन याद्या लागतात: कुठले कॉलम भरले, कुठल्या बेरजा भरल्या, कुठल्या वजाबाक्या भरल्या. प्रत्येक घरासाठी आधीचे सगळे वजीर परत परत तपासायची गरज राहत नाही. या तीन याद्यांत डोकावलं की झालं.

## ४. आराखडा

पायथनची मोजणी शून्यापासून असते, तेव्हा ओळी ० ते ७ आणि कॉलम ० ते ७. बेरीज ० ते १४ मध्ये राहते. वजाबाकी −७ ते ७ जाते, म्हणून तिच्यात ७ मिळवायचे, तीही ० ते १४ मध्ये बसते.

सुरुवातीची तयारी:

    जागा = आठ शून्यांची लिस्ट
    कॉलम_भरला = आठ वेळा 'नाही'
    बेरीज_भरली = पंधरा वेळा 'नाही'
    फरक_भरला = पंधरा वेळा 'नाही'
    उत्तरं = रिकामी लिस्ट

आणि मुख्य फंक्शन:

    ठेव(ओळ):
        जर ओळ ८ झाली असेल:
            जागा ची प्रत उत्तरं मध्ये घाल
            परत फिर
        ० ते ७ प्रत्येक क साठी:
            ब = ओळ + क
            फ = ओळ − क + ७
            जर कॉलम_भरला[क], बेरीज_भरली[ब], फरक_भरला[फ] तिन्ही 'नाही' असतील:
                जागा[ओळ] = क
                तिन्ही ठिकाणी 'हो' लिही
                ठेव(ओळ + १)
                तिन्ही ठिकाणी पुन्हा 'नाही' लिही

शेवटी बाहेरून एकदाच ठेव(०) म्हणायचं आणि उत्तरं किती झाली ते छापायचं.

हे तुमच्या भाषेतल्या प्रोग्राममध्ये स्वतः उतरवा. मुद्दाम तयार कोड दिलेला नाही. या ओळी स्वतः टाइप करताना जे प्रश्न पडतात तेच व्हायवाला विचारले जातात.

रिकर्शनची भीती वाटणाऱ्यांसाठी: फंक्शन स्वतःलाच बोलावतं म्हणजे काय ते असं बघा. एका ऑफिसात आठ कारकून ओळीनं बसलेत, प्रत्येकाकडे पटाची एक ओळ. पहिला आपला वजीर ठेवतो आणि फाइल दुसऱ्याकडे सरकवतो. चौथ्यापर्यंत फाइल गेली आणि त्याला घर मिळालं नाही, तर तो काही न बोलता ती तिसऱ्याला परत देतो. तिसऱ्याला आपण कुठल्या कॉलमपर्यंत आलो होतो ते आठवतंच. तो आपला वजीर उचलतो, खुणा पुसतो आणि पुढचा कॉलम बघतो. प्रत्येकाचा 'क' वेगळा आहे आणि तो ज्याच्या त्याच्याकडे जपलेला आहे. कॉम्प्युटर ही आठवण आपोआप ठेवतो, त्यासाठी तुम्हाला काही लिहावं लागत नाही.

हाच प्रश्न घेऊन १९७२ मध्ये डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी प्रोग्राम टप्प्याटप्प्यानं कसा रचावा हे दाखवलं होतं. तेव्हापासून तो अभ्यासक्रमात जो बसला तो बसलाच.

एक गंमत जाता जाता. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं खरोखर देवनागरीत ठेवता येतात, 'जागा' किंवा 'ओळ' लिहिलं तर ते मुकाट चालवतं. फॉर, इफ, डेफ हे त्याचे स्वतःचे शब्द मात्र त्याच्याच लिपीत लागतात. कोडमध्ये देवनागरी ८ लिहिलात तर एरर येते, पण तोच ८ चालू प्रोग्रामला कीबोर्डवरून दिलात आणि इंटमध्ये बदललात तर तो बरोबर आठ समजतो. 'पायऱ्या'सारखं नाव देताना जपा. काही कीबोर्ड त्यातल्या ऱ्या साठी मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात आणि पायथनला ते नावात चालत नाही. स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं आणि एरर का येते ते कळत नाही. फाइल कॉलेजात द्यायची असेल तर नावं रोमनच ठेवा, तपासणारे सर मराठी असतीलच असं नाही.

## ५. चालवा आणि या आकड्यांशी ताडून बघा

प्रोग्राममध्ये जिथे जिथे ८ आहे तिथे एक व्हेरिएबल घाला, म्हणजे पटाचा आकार बदलता येईल. पंधराच्या जागी दुप्पट वजा एक, आणि फरकात मिळवायचे सात म्हणजे आकार वजा एक. मग हे आकडे यायला हवेत:

- १ वजीर: १
- २ आणि ३: ०
- ४: २
- ५: १०
- ६: ४
- ७: ४०
- ८: ९२
- ९: ३५२
- १०: ७२४
- ११: २,६८०
- १२: १४,२००

सहाला पाचापेक्षा कमी उत्तरं येतात, तुमचा प्रोग्राम बिघडलेला नाही.

नुसतं ९२ आलं म्हणून खूश होऊ नका. पहिल्या ओळीतला वजीर कुठल्या कॉलममध्ये असताना किती उत्तरं मिळाली तेही मोजा. डावीकडून ४, ८, १६, १८, १८, १६, ८, ४ असं यायला हवं. दोन्ही बाजू सारख्या, कारण पट आरशात धरला तरी उत्तर उत्तरच राहतं. आणि वजीर किती वेळा ठेवला ते ओळीप्रमाणे मोजलं तर ८, ४२, १४०, ३४४, ५६८, ५५०, ३१२, ९२ असं येतं, बेरीज २,०५६. हे तिन्ही जुळले की प्रोग्रामवर डोळे मिटून विश्वास ठेवा.

## ६. हमखास अडकायच्या जागा

उत्तर शून्य येतं. ही तक्रार सगळ्यात जास्त. भाच्याचा फोन असाच येतो:

"मामा, एरर नाही, काही नाही, पण उत्तर शून्य येतंय."

"चारला किती येतात?"

"तेही शून्य."

"ठेव(ओळ + १) च्या खाली काय लिहिलंयस?"

"काहीच नाही."

सापडलं. तिन्ही खुणा पुसायची ओळ राहिली. आता बरोबर शून्यच का येतं, तीन किंवा सात का नाही, याचा विचार करून बघा, छान आहे. कॉलमवरची खूण कधीच पुसली जात नसेल, तर प्रत्येक कॉलम सबंध प्रोग्राममध्ये एकदाच वापरता येतो. म्हणजे वजीर जास्तीत जास्त आठ वेळा ठेवता येणार. पहिल्याच दमात आठही ओळी भरल्या तरच उत्तर मिळेल. पण पहिल्या दमात १, ३, ५, २, ४ इथवर जाऊन सहाव्या ओळीत अडतंच. तिथे खेळ खलास.

शून्याचं दुसरं कारण जास्त बेरकी आहे. फरकाची यादी पंधराऐवजी आठच घरांची केली आणि सात मिळवायचं राहिलं. सी मध्ये अशानं मेमरीत भलतीकडे लिहिलं जातं आणि काहीही होऊ शकतं. पायथनमध्ये मात्र उणे आकडा म्हणजे लिस्टच्या शेवटून मोजणी, त्यामुळे −७ आणि १ एकाच घरावर पडतात, −६ आणि २ एकावर, असं सगळ्यांचं. एरर येतच नाही, आणि आठ वजिरांसाठी उत्तर शून्य. यालाही कारण आहे. आठ घरांच्या यादीत आठ वेगळे फरक बसवायचे म्हणजे आठानं भागल्यावरच्या ० ते ७ या सगळ्या बाक्या एकेकदा यायला हव्यात. त्यांची बेरीज २८, तिला आठानं भागलं की बाकी ४. पण ओळींची बेरीज आणि कॉलमची बेरीज सारखीच असते, म्हणून सगळ्या वजाबाक्यांची बेरीज नेहमी शून्य. शून्याला भागून ४ बाकी येणार नाही. हे ज्याला व्हायवाला सांगता आलं त्याला पुढचा प्रश्न विचारायची हिंमत कुणी करणार नाही.

९२ उत्तरं येतात, पण सगळी एकच. उत्तर साठवताना 'प्रत' हा शब्द खाल्लात. पायथनमध्ये लिस्ट नुसती दुसऱ्या लिस्टमध्ये घातली तर तिची नक्कल होत नाही, तीच लिस्ट ९२ वेळा दाखवली जाते. शेवटी तिच्यात जे काही उरलेलं असेल ते ९२ वेळा छापलं जातं. वजीर ठेवताना लिस्टमध्ये घालायचे आणि उचलताना काढायचे अशी पद्धत ठेवली असेल तर ९२ रिकाम्या लिस्ट दिसतील. आकडा बरोबर असल्यानं कित्येकांच्या हे लक्षातही येत नाही. म्हणून एखादं उत्तर छापून पटावर मांडून बघायचंच.

एकच उत्तर मिळून प्रोग्राम थांबतो. नोट्समधले बरेच प्रोग्राम 'एक उत्तर शोधा' यासाठी लिहिलेले असतात. त्यांत फंक्शन खरं-खोटं परत देतं, आणि खरं आलं की सगळे मागे फिरतात. प्रश्नपत्रिकेत सगळी मागितलीत की एक, ते आधी वाचा.

मोजणी वाढवताना एरर. फंक्शनच्या बाहेरचा आकडा आत वाढवला तर पायथन त्याला आतलाच समजून अडतं. ग्लोबल लिहा, किंवा आकडा ठेवूच नका, उत्तरांची लिस्ट मोजा.

फाइल चालतच नाही. विंडोजमध्ये नोटपॅडमध्ये लिहिलं असेल तर नावामागे टीएक्सटी चिकटलंय का बघा, ते शेपूट बहुधा लपवलेलं असतं. आणि नोट्सच्या पीडीएफमधून कोड चिकटवला असेल तर ओळीआधीच्या जागा विस्कटतात, टॅब आणि स्पेस मिसळतात. स्वतः टाइप करा.

## ७. ९२ म्हणायचं की १२?

दोन्ही बरोबर. पट फिरवून किंवा आरशात धरून जी उत्तरं एकमेकांत बदलतात ती एकच मानली, तर १२ उरतात. त्यांतल्या ११ उत्तरांची प्रत्येकी ८ रूपं होतात, ती ८८. बारावं असं आहे की पट अर्धा फिरवला तरी ते जसंच्या तसं दिसतं, म्हणून त्याची रूपं चारच. ८८ आणि ४ मिळून ९२. ते बारावं हे: ३, ५, २, ८, १, ७, ४, ६. उलट वाचत जा आणि प्रत्येक आकडा ९ मधून वजा करा, परत तेच मिळेल.

प्रोग्रामनं १२ काढायचे तर प्रत्येक उत्तरावर तीन क्रिया पुरतात: लिस्ट उलटी करणं, प्रत्येक आकडा ९ मधून वजा करणं (शून्यापासून मोजत असाल तर ७ मधून), आणि ओळ-कॉलमची अदलाबदल. प्रत्येक क्रिया करायची किंवा नाही, अशी आठ रूपं मिळतात. त्यांतलं सगळ्यात लहान निवडा, सेटमध्ये टाका (त्यात तीच गोष्ट दोनदा राहत नाही) आणि शेवटी सेट मोजा.

कागदावर हे मोजताना भलेभले चुकलेत. कोडं मांडलं १८४८ मध्ये मॅक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूनं. १८५० मध्ये थोर गणितज्ञ गाउसनं त्यावर डोकं चालवलं. त्याच्या पत्रव्यवहारात आधी ७६ उत्तरांचा आकडा येतो, मग त्यांतली चार चुकीची निघून ७२ उरतात. पूर्ण ९२ उत्तरं त्याच वर्षी फ्रान्झ नाउकनं छापली. 

## ८. पट मोठा करायचा असेल तर

दहा-बारापर्यंत वरचा प्रोग्राम आरामात चालतो. चौदा-पंधराला पायथन रेंगाळायला लागतं, कारण उत्तरांची संख्याच भराभर वाढते: चौदाला ३,६५,५९६, पंधराला २२,७९,१८४. पहिला सोपा उपाय म्हणजे पहिल्या ओळीत फक्त डावे अर्धे कॉलम घ्या आणि शेवटी दुप्पट करा. आठासाठी ४६ दुणे ९२. आकार विषम असेल तर मधला कॉलम वेगळा मोजायचा आणि तो दुप्पट करायचा नाही, इथे हमखास गोंधळ होतो. दुसरा उपाय याद्यांच्या जागी बिट वापरण्याचा, म्हणजे सगळे 'हो-नाही' एकाच आकड्यातल्या ०-१ मध्ये ठेवण्याचा. सी येत असेल तर जरूर करा, फरक डोळ्यांना दिसतो. तरी हिशेब संपत नाही: २७ वजिरांचा आकडा जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये काढला, तोही खास बनवलेल्या सर्किटांवर. तो २,३४,९०,७९,६७,१५,४१,२२,५२८ आहे. घरच्या लॅपटॉपवर त्याच्या नादी लागू नका.

सगळी उत्तरं नको असतील, एकच पुरत असेल, तर शोधायचीही गरज नाही. आकार सम असेल आणि त्याला ६ नं भागून बाकी २ येत नसेल, तर आधी सगळे सम आकडे लिहा, मग सगळे विषम. सहासाठी २, ४, ६, १, ३, ५. चारसाठी २, ४, १, ३, म्हणजे तुम्ही वहीत काढलेलंच. दहा, बारा, शंभर, सगळ्यांना हीच रीत. आठाला ६ नं भागलं की बाकी २ येते, म्हणून २, ४, ६, ८, १, ३, ५, ७ चालत नाही. दुसरी ओळ कॉलम ४ आणि पाचवी ओळ कॉलम १, दोघांची बेरीज ६.